पंजाबी सिनेमातली ती आजी : निर्मल ऋषी

केतकीपान

गेल्या महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे घरी बसायची वेळ आली. लेक म्हणाली, आई, पंजाबी सिनेमे बघ, हलकेफुलके असतात, खाली इंग्रजी ओळी येतात, समजेल तुला. तिने एकामागून एक लावून दिले. 'अंग्रेज' पाहिला, 'निक्का जैलदार' पाहिला, मग 'लौंग लाची', मग 'गोडे गोडे चा'. नायक-नायिका बदलत होत्या, पण घरातली म्हातारी बाई सगळीकडे तीच! चौथ्या सिनेमाला मी नायिकेला सोडून त्या बाईंची वाट बघायला लागले.

नाव शोधलं, निर्मल ऋषी. जन्म १९४३ चा, पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातल्या खीवा कलां गावचा. पतियाळाच्या शारीरिक शिक्षणाच्या सरकारी महाविद्यालयात शिकल्या, खेळ शिकवणाऱ्या शिक्षिका झाल्या आणि नाटकंही करत राहिल्या. २०२४ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे 'अंग्रेज' आला २०१५ ला, तेव्हा बाई बाहत्तरीच्या घरात होत्या आणि मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं आत्ता!

माझं एक निरीक्षण आहे. इतर कलाकार संवाद म्हणतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे जातो. या बाई मंजीवर, म्हणजे विणलेल्या खाटेवर, नुसत्या बसलेल्या असतात. पाठ ताठ, हात गुडघ्यावर, चुन्नी कानामागे खोचलेली. तोंड उघडायच्या आधीच घरात कोणाचं चालतं ते आपल्याला कळलेलं असतं. हे सिनेमात शिकून येत नाही, रंगमंचावरच येतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

कोणी त्यांचं जुनं काम पाहिलं आहे का? माझं म्हणणं बरोबर आहे का? आणि माझे अजून तीन आठवडे बाकी आहेत, तर पुढे काय पाहू?

~~~

गलाईकर

ताई, तुम्ही माझं बालपणच उघडलंत.

आम्ही मूळचे विट्याजवळचे. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आमच्या भागातली माणसं देशभर पांगली, तसे माझे वडील पतियाळाला गेले. सराफ बाजारामागच्या एका बोळात वरच्या मजल्यावर आमची भट्टी आणि खाली दोन खोल्या. मी तिथेच वाढलो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पंजाबी.

तेव्हा बोळात कोणाकडे लग्न असलं की व्हीसीआर भाड्याने यायचा. अंगणात मंज्या टाकायच्या, पुढे पोरं, मागे बाया, आणि रात्रभरात तीन सिनेमे. त्यात एक ठरलेला, 'लौंग दा लिश्कारा'. त्यात राज बब्बर, ओम पुरी, गुरदास मान होते आणि संगीत जगजीत सिंग यांचं. पण आमच्या बोळातल्या बायका बघायला बसायच्या त्या गुलाबो मासीसाठी. ती गुलाबो मासी म्हणजे निर्मल ऋषी, आणि हा त्यांचा पहिला सिनेमा.

आमच्या शेजारी एक मासी राहायच्या. त्या सुपात गहू पाखडता पाखडता गुलाबोची नक्कल करायच्या. सूप तसंच हातात, मान किंचित वाकडी, एक भुवई वर, आणि आवाज असा लावायच्या की आम्ही पोरं खरोखर घाबरून जिन्यावर पळायचो. माझी आई, जिला तेव्हा पंजाबी धड येत नव्हतं, ती त्या नकलेवरून पंजाबी शिकली. अजूनही आईला कोणाचा राग आला की ती 'नी' लावून बोलते. पंजाबीत बाईला हाक मारताना 'नी' येतो, आपल्या 'गं'सारखा.

पंजाबात गेल्या चाळीस वर्षांत कोणतीही खमकी बाई दिसली की लोक म्हणतात, ही तर गुलाबो मासी! पात्राचं नाव भाषेत जाऊन बसलं. याहून मोठी पावती कोणती?

~~~

झुळूक

गलाईकर, ते सूप, ती भुवई, सगळं डोळ्यांपुढे आलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

~~~

रंगपट

केतकीपान, तुमचं निरीक्षण अचूक आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

'लौंग दा लिश्कारा'चे दिग्दर्शक हरपाल टिवाणा हे मुळात नाटकाचे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, त्यांच्या पत्नी नीना टिवाणाही तिथल्याच. दिल्ली-मुंबईला न राहता दोघांनी पतियाळाला येऊन 'पंजाब कला मंच' उभा केला. ओम पुरी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आणि मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले, त्याआधी ते टिवाणांच्या याच मंचावर काम करत होते. आपल्याकडे ओम पुरींची सुरुवात पुण्यापासून सांगतात, ती खरं तर पतियाळापासून सांगायला हवी.

निर्मल ऋषी याच तालमीतल्या. म्हणजे पहिल्या सिनेमात त्या नवख्या नव्हत्या. चाळिशीच्या आसपासच्या, पक्क्या मुरलेल्या नटी होत्या, आणि कॅमेऱ्यामागे त्यांचा नाटकातलाच दिग्दर्शक होता. गुलाबो इतकी ठसली ती त्यामुळे. संगीत नाटक अकादमीने त्यांना २०१२ चा पुरस्कार दिला तो अभिनयासाठी, रंगभूमीवरच्या कामासाठी. सिनेमातली 'आजी' देशाला माहीत व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे.

टिवाणा २००२ मध्ये गेले. पतियाळाच्या रंगभूमीवरचे बुजुर्ग प्राण सभरवाल यांनाही २०२४ मध्येच पद्मश्री मिळाली. एकाच वर्षी पंजाबी रंगभूमीवरच्या दोघांना! मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

~~~

शब्दवेल्हाळ

धागा आवडला, पण मला थोडा विरोध नोंदवायचा आहे.

हे चारही सिनेमे मी पाहिले आहेत. बाई थोर आहेत यात शंकाच नाही. पण त्यांना करायला काय मिळतं? ओरडायचं, काठी उगारायची, सुनेला टोमणे मारायचे, शेवटी नातवासाठी विरघळायचं. प्रेक्षक हसतात, पुढचा प्रसंग सुरू. अकादमी पुरस्कार मिळवलेल्या नटीला आपण फोडणीतल्या कढीपत्त्यासारखं वापरतो आहोत, वास हवा, पण खाताना बाजूला काढायचा.

आणि गलाईकर ज्याला पावती म्हणतात त्याची मला खंत वाटते. चाळिशीत मासी झाल्या, सत्तरीत दादी झाल्या. मधली बाई कुठे गेली? पन्नाशीची आई, साठीची एकटी शिक्षिका, जमिनीच्या वाटणीसाठी भावाशी भांडणारी बहीण, या भूमिका त्यांच्यासाठी का नाही लिहिल्या गेल्या?

~~~

सातबारा_उतारा

शब्दवेल्हाळ, प्रश्न रास्त आहे, पण आजीच्या भूमिकेला कमी लेखू नका. 'निक्का जैलदार'मध्ये घर त्या म्हातारीच्या शब्दावर चालतं. नातवाला लग्न करायचं असेल तर बापाचं मन वळवून भागत नाही, दादीशी गाठ आहे. ही निव्वळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. पंजाबातल्या शेतकरी घरात म्हातारी बाई खरोखर एवढी बलवान असते. दुभत्याच्या म्हशी, धान्याच्या कोठीची किल्ली, सोयरीक, सगळं तिच्याकडे. मी खतांच्या कंपनीसाठी संगरूर-बरनाला भागात सहा वर्षं फिरलो आहे. शेतकऱ्याला बियाण्याबद्दल विचारलं की तो आधी आत बेबेकडे, म्हणजे घरातल्या म्हातारीकडे, बघायचा. निर्मल ऋषी पडद्यावर येतात तेव्हा मला त्या सगळ्या बेबे आठवतात.

~~~

मैदानी

मी निवृत्त क्रीडाशिक्षिका. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत काढली. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून इथे पहिलाच प्रतिसाद देते आहे.

सगळे रंगभूमीबद्दल बोलत आहेत, त्यांच्या नोकरीबद्दल कोणीच बोललं नाही. खेळाच्या बाईला पहिली गोष्ट कमवावी लागते ती आवाज. मैदानावर दोनशे मुली, वर वारा, शेजारी रस्ता. 'सावधान' हा शब्द शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या मुलीपर्यंत पोचला पाहिजे, आणि तोही घसा न फाडता. ओरडलं की दोन तासांत आवाज बसतो. श्वास पोटातून घ्यायचा, हनुवटी थोडी खाली, आणि शब्द फेकायचा नाही, सोडायचा. हे मी स्वतः पहिल्या तीन वर्षांत घसा बसवून घेऊन शिकले. दुसरं म्हणजे उभं राहणं. दोन्ही पायांवर सारखा भार, खांदे मोकळे. मुलींना सरळ उभं राहा म्हणायचं तर आधी आपण तसं उभं राहायला लागतं.

हा धागा वाचून मी काल 'निक्का जैलदार' लावला. माझ्या यजमानांनी विचारलं, हसतेस का? मी म्हटलं, अहो, ही आमच्यातली आहे! सत्तरी ओलांडलेली बाई अशी बसते, अशी उठते, याचं कारण तिचं शरीर तिने तरुणपणीच कामाला लावलं आहे. दम लागत नाही, वाक्याच्या शेवटी आवाज पडत नाही. नाटकाच्या तालमीइतकंच श्रेय त्या मैदानाला द्या.

आणखी एक. नोकरी होती म्हणूनच त्या नाटक करू शकल्या असाव्यात असं मला वाटतं. पंजाबी नाटकावर कोणाची चूल पेटत नव्हती. दिवसा शाळा, संध्याकाळी तालीम. बाईसाठी तर पगार म्हणजे घरून जायची परवानगी.

~~~

केतकीपान

मैदानी ताई, तुमचं स्वागत! 'शब्द फेकायचा नाही, सोडायचा' हे मी फिजिओथेरपीच्या व्यायामाच्या वेळी करून पाहिलं. खरंच फरक पडतो.

~~~

हजूरवाट

मी नांदेडचा. सचखंड हजूर साहिबच्या परिसरात लहानाचा मोठा झालो. आमच्याकडचे शीख मित्र घरात जे बोलतात त्यात पंजाबी, मराठी आणि दखनी इतकी मिसळलेली असते की अमृतसरहून आलेल्या यात्रेकरूंना हसू येतं. म्हणून मला वाटायचं की मला पंजाबी येते. पहिल्यांदा निर्मल ऋषींचा सिनेमा पाहिला तेव्हा अर्धं डोक्यावरून गेलं.

मग एका मित्राने समजावलं की त्या मलवई बोलतात. सतलजच्या दक्षिणेचा मालवा, म्हणजे मानसा, बठिंडा, संगरूर, पतियाळा हा पट्टा. पुस्तकी पंजाबी लाहोर-अमृतसरकडच्या 'माझी' नावाच्या बोलीवर बेतलेली आहे. तिथे 'तुम्हाला'साठी 'तुहानूं' म्हणतात, तर मालव्यात 'थोनूं'. हा एकच शब्द पकडून ठेवा आणि त्यांचे संवाद ऐका, दर चार वाक्यांमागे सापडेल. आपल्याकडे वऱ्हाडी किंवा मालवणी माणूस ज्या सहजतेने आपल्या बोलीत येतो, तसं त्यांचं आहे. बोली त्यांनी भूमिकेसाठी आणलेली नाही, ती खीवा कलांची घरची आहे.

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबातल्या घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलन झालं. मी गेलो होतो. मंडपात मराठी भाषणं चालली होती आणि बाहेर गावातल्या बेबे आम्हाला आग्रहाने लंगरात बसवत होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, तुम्ही बाबा नामदेवांच्या गावचे, म्हणजे आमच्या माहेरचे. त्याच वर्षी 'अंग्रेज' आला. पडद्यावर निर्मल ऋषी दिसल्या आणि मला ताट वाढणारी ती घुमानची म्हातारी आठवली.

~~~

चकलीताई

घुमानच्या लंगरातल्या डाळीची कृती कोणाकडे आहे का?

~~~

सातबारा_उतारा

चकलीताई, डाळ आख्ख्या उडदाची, रात्रभर मंद आचेवर. बाकी पाककृती विभागात धागा काढा, मी तिथे येतो. इथे सुरू झालं तर निर्मलजी बाजूला राहतील आणि आपण सरसों का सागवर पोचू.

~~~

ओसरी

इथे एक नाव यायला हवं. पंजाबी रंगमंचावर बाईने उभं राहणं ही गोष्टच फार जुनी नाही.

पंजाबी आधुनिक नाटकाची सुरुवात लाहोरला झाली आणि तिला हात दिला नोरा रिचर्ड्स या आयरिश बाईंनी. त्या स्वतः इंग्लंडमध्ये व्यावसायिक नटी होत्या. नवरा दयालसिंग कॉलेजात शिकवायला आला म्हणून त्या आल्या आणि तिथल्या मुलांना सांगू लागल्या, तुमच्या भाषेत, तुमच्या गावाबद्दल लिहा. ईश्वरचंद्र नंदा त्यातूनच पुढे आले. पण त्या नाटकांत बायकांच्या भूमिका मुलगेच करत. नोराबाई पुढे कांगड्यातल्या अंद्रेट्याला मातीच्या घरात राहिल्या आणि १९७१ साली तिथेच वारल्या.

मग १९३९. अमृतसर आणि लाहोरच्या मध्ये गुरबक्षसिंग प्रीतलडींनी प्रीतनगर वसवलं होतं, लेखक-कलावंतांची वसाहत. तिथे त्यांनी स्वतः लिहिलेल्या 'राजकुमारी लतिका' नाटकात त्यांची मुलगी उमा उभी राहिली. पंजाबी रंगमंचावरची पहिली स्त्री म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. पोर बारा वर्षांची होती! १९४७ ला सरहद्द इतकी जवळ आली की प्रीतनगर रिकामं झालं. उमाताई मात्र नाटक करत राहिल्या आणि २०२० मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

हिशेब करून पाहा. उमाताई रंगमंचावर आल्या त्यानंतर चार वर्षांनी निर्मलजींचा जन्म. एका पिढीचंही अंतर नाही. मानशाच्या खेड्यातून आलेल्या मुलीने साठच्या दशकात नाटकात जायचं, तेव्हा मागे वळून बघायला फारशा बायकाच नव्हत्या.

~~~

झुळूक

बारा वर्षांची... ओसरी, हे माहीत नव्हतं. आभार.

~~~

रीळवाला

शब्दवेल्हाळ यांनी विचारलं, मधली बाई कुठे गेली? याचं उत्तर पंजाबात त्या वर्षांत काय चाललं होतं त्यात आहे.

'लौंग दा लिश्कारा' ऐंशीच्या दशकातला. त्याच दशकात पंजाब पेटला. १९८४, मग दहशतवादाची वर्षं. संध्याकाळी बाजार बंद, बस बंद, मग थिएटरचा शेवटचा खेळ कोण बघणार? पंजाबी सिनेमाचे सर्वांत मोठे नट-दिग्दर्शक वीरेंद्र यांना ६ डिसेंबर १९८८ रोजी लुधियान्याजवळ 'जट्ट ते जमीन'च्या चित्रीकरणावर गोळ्या घातल्या. धर्मेंद्र यांचे ते भाऊबंद. त्यानंतर जे सिनेमे निघाले ते बहुतेक बंदूक, जीप आणि सूड. नावात 'जट्ट' आणि पोस्टरवर रायफल. त्यात बाईला काय काम? नायकाची आई म्हणून पहिल्या वीस मिनिटांत मरायचं.

त्या काळात पंजाबात बाईला खरी भूमिका मिळत होती ती नाटकात. अमृतसरला गुरशरणसिंग गावोगाव, चौकात, दोन चादरी बांधून नाटकं करत होते, दहशतवाद्यांच्या आणि सरकारच्या दोघांच्याही विरोधात. मानशाकडे अजमेर औलख शेतमजुरांवर लिहीत होते. म्हणजे मधली बाई हरवली नाही. ती कॅमेऱ्यापुढे नव्हती, एवढंच.

सिनेमा सावरला तो २००२ मध्ये 'जी आयां नूं' आल्यावर. दिग्दर्शक मनमोहन सिंग, आपण ज्यांना यश चोप्रांचे छायाचित्रकार म्हणून ओळखतो ते. मग परदेशातला प्रेक्षक आला, पैसा आला. आणि २०१५ ला 'अंग्रेज' आला, १९४५ च्या पंजाबातली गोष्ट घेऊन. विहीर, चरखा, मातीच्या भिंती. तो इतका चालला की सगळ्यांना जुना गाव हवासा झाला. आणि जुना गाव दाखवायचा तर त्या गावात खरोखर वाढलेली, ती बोली बोलणारी आणि कॅमेऱ्यापुढे न बुजणारी म्हातारी हवी. अशी माणसं किती उरली होती? त्यांचा काळ आला तो असा.

~~~

शब्दवेल्हाळ

रीळवाला, हे मला माहीत नव्हतं. वीरेंद्र यांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मधली बाई कॅमेऱ्यापुढे नव्हती, हे मान्य. पण मग माझी खंत वाढलीच. त्या तीस वर्षांतली नाटकं चित्रित झालेली नाहीत. निर्मल ऋषींचं सर्वांत चांगलं काम कदाचित पतियाळाच्या एखाद्या सभागृहात दोनशे माणसांनी पाहिलं आणि ती माणसंही आता सत्तरीत असतील. आपण उरलेल्या तुकड्यावरून अंदाज बांधतो आहोत.

~~~

रंगपट

नाटकाचं तसंच असतं हो. पण तो तुकडाही थोडा नाही. आणि त्या एकट्याही नाहीत. अनिता देवगण, गुरप्रीत भंगू, या आज पंजाबी सिनेमात आई-चाची-मामी करताना दिसतात, त्याही रंगभूमीवरूनच आल्या. पुढच्या वेळी नायिकेच्या आईकडे नीट बघा.

~~~

ब्रॅम्प्टनची_सून

मी इथे कॅनडात, माझा नवरा पंजाबी. लग्नाला अकरा वर्षं झाली. सासूबाईंबरोबर 'गोडे गोडे चा' थिएटरात पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या काळी पंजाबात वरातीबरोबर बायका जात नसत, फक्त पुरुष जात. सिनेमातल्या गावच्या बायका ठरवतात की आपणही जायचं. २०२३ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचा मान मिळाला.

सिनेमा हसवणारा आहे. आजूबाजूच्या सगळ्या जणी हसत होत्या. माझ्या सासूबाई मात्र गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला मी गेले नव्हते. पुरुष गेले, आम्ही घरी राहिलो. रात्रभर बायकांनी पुरुषांचे कपडे घालून सोंगं केली, नवरदेव झाल्या, भटजी झाल्या, खूप हसलो. सकाळी वहिनी आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

मी विचारलं, वाईट वाटलं होतं का? तर म्हणाल्या, तेव्हा कुठे माहीत होतं की वाईट वाटायचं असतं. आणि मग म्हणाल्या, निर्मल बघितलीस ना, तिला सगळं माहीत आहे. त्या निर्मलजींना नावाने हाक मारतात, जणू शेजारच्या घरातली. दोघी जवळपास एकाच वयाच्या.

शब्दवेल्हाळ, म्हणून सांगते, त्या आजीकडे नुसतं हसण्यावारी बघवत नाही. माझ्या सासूबाईंसाठी ती त्यांच्या वयाची एकुलती एक बाई आहे जी पडद्यावर अजून बोलते आहे.

~~~

मैदानी

वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना नमस्कार सांगा.

~~~

शब्दवेल्हाळ

ब्रॅम्प्टनची_सून, कढीपत्त्याची उपमा मी मागे घेते. भूमिका कमी लिहिल्या गेल्या हे म्हणणं मात्र ठेवते.

~~~

हजूरवाट

आणि ते ठेवाच. पंजाबीतले माझे मित्रही हेच म्हणतात.

~~~

केतकीपान

सगळ्यांचे मनापासून आभार. मी विचारलं होतं की हे रंगमंचावरून आलं का. उत्तर मिळालं आणि वर मैदानही मिळालं. काल पुन्हा 'अंग्रेज' लावला, आवाज बंद करून. नुसतं बसणं, उठणं, मान वळवणं पाहिलं. मग 'थोनूं' शोधत आवाजासकट पाहिला. दोन वेगळे सिनेमे पाहिल्यासारखं झालं.

पण माझा शेवटचा प्रश्न राहिलाच. पुढे काय पाहू?

~~~

रीळवाला

'लौंग दा लिश्कारा'. प्रत जुनी आहे, रंग उडालेले, पण तिथूनच सुरुवात करा. आधी गुलाबो, मग दादी. उलट्या क्रमाने पाहिलंत म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटलं. आणि जगजीत सिंगांची गाणी कानांत राहतील ती वेगळीच. त्यानंतर वेळ उरला तर गुरविंदर सिंगांचा 'अन्हे घोडे दा दान' बघा. त्यात निर्मलजी नाहीत, पण मालव्याचं धुकं, तिथली गरिबी, तिथलं गप्प राहणं आहे. दिग्दर्शक आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. तो पाहिला की विनोदी सिनेमांतलं ते सजवलेलं गाव कशावर उभं आहे ते कळतं.

~~~

गलाईकर

चार दिवस इथे येता आलं नाही, आईला दवाखान्यात न्यायचं होतं. आता बरी आहे. तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. ब्रॅम्प्टनच्या सासूबाईंच्या गोष्टीला तिने दोनदा थांबवलं.

मग म्हणाली, मासीला फोन लाव. सूपवाल्या मासी. त्या आता मुलाकडे मोहालीला असतात, ऐकू कमी येतं, म्हणून व्हिडिओवर लावला. आईने विचारलं, गुलाबो आठवते का? मासी आधी नुसत्या बघत राहिल्या. मग बाजूला टेबलावर प्लास्टिकचं ताट होतं ते उचललं, मान वाकडी केली, आणि तीच भुवई वर गेली.

आई इकडून ओरडली, "नी बस कर, मुंडे डर जाणगे!" म्हणजे पुरे गं, पोरं घाबरतील. मी पन्नास वर्षांचा आहे. दोघी इतक्या हसल्या की मासींच्या सुनेला येऊन फोन धरावा लागला.

केतकीपान ताई, सिनेमा पाहून झाला की इथे लिहा. आईने विचारून ठेवायला सांगितलं आहे.